चेटकीण, जोगतीण आणि स्वतःचा आवाज

करवीरनगरीच्या पूर्वेस टेंबलाईची टेकडी आहे. तेथील त्र्यंबोली देवीची कथा कोल्हापुरात लहानथोरांस ठाऊक आहे. कोल्हासुराचा पुत्र कामाक्ष याने एका योगदंडाच्या बळावर अंबाबाईसह सर्व देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले. त्र्यंबोलीने तो दंड हिरावून घेतला, असुराचा नाश केला आणि देवांना त्यांचे मूळ रूप परत मिळवून दिले. पुढे विजयाचा सोहळा झाला, तेव्हा बोलावणे राहून गेले ते तिचेच. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली; आणि तिची समजूत काढण्यासाठी दरवर्षी नवरात्रातील ललिता पंचमीस अंबाबाईची पालखी तिच्या भेटीस जाते. आमच्या शेजाऱ्यांच्या लोकस्मृतीचा एक ठेवा म्हणून ही कथा आम्ही आदराने सांगत आहोत. जादूचा दंड, ती जादू उतरविणारी स्त्री आणि सोहळ्याच्या वेळी पडलेला तिचा विसर, या तीन गोष्टी प्रस्तुत लेखाच्या विषयाशी फार जवळच्या आहेत.

हा विषय आज काढण्यास कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या मोठ्या शहरांतून एक नवी भाषा कानी पडू लागली आहे. शिकलेल्या, कमावत्या तरुणी टॅरोचे पत्ते वाचतात, स्फटिक जवळ बाळगतात, पौर्णिमेच्या रात्री मेणबत्ती लावून स्वतःसाठी संकल्प सोडतात आणि कुणी विचारलेच, तर आपण आधुनिक चेटकीण आहोत असे हसून सांगतात. पाश्चात्त्य देशांत या मार्गाला ‘विक्का’ हे नाव आहे. भारतात कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी १९८० च्या दशकात स्वतःला जाहीरपणे या मार्गाच्या म्हणविले, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. या मंडळींचे म्हणणे असे की, चेटूक म्हणजे कुणाचे वाईट करणे नव्हे. आपल्या आतील शक्ती ओळखून स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची ती एक साधना आहे. ज्या शब्दाने स्त्रीला जाळले, तोच शब्द तिने दागिन्यासारखा अंगावर घालावा.

या म्हणण्याकडे नुसते हसून पाहणे किंवा त्यावर संतापणे आम्हांस योग्य वाटत नाही. स्त्रीला शक्ती कोठून मिळते, हा प्रश्न खरा आहे. आणि त्याचे उत्तर शोधायचे तर लंडन-न्यूयॉर्कपेक्षा कोल्हापूरचा इतिहास आपल्याला अधिक शिकवू शकेल, असे आम्ही मानतो.

शाळामास्तरांची उत्तरे

विसाव्या शतकाच्या आरंभी नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातील लोकसमजुतींची माहिती गोळा करण्याचे काम हाती घेतले होते. त्यासाठी गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्न पाठविण्यात आले. १९०९ साली जॅक्सन यांची नाशिकच्या नाट्यगृहात हत्या झाली. त्यांच्या पश्चात जमलेली उत्तरे आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादून प्रसिद्ध केली. कोकणासंबंधीच्या भागात कोल्हापूर संस्थानातून आलेली उत्तरेही जागोजागी आढळतात. चेटूक, करणी, मूठ, दृष्ट, भूतबाधा, भगत, देवऋषी, अंगारा, उतारा हे सारे त्यात आहे.

ही उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानी येते. ज्या काळात गावात डॉक्टर नव्हता, पटकी आणि प्लेगने घरेच्या घरे ओस पडत होती, त्या काळात आजाराला कुणीतरी कर्ता लागे. मूल तापाने का गेले, म्हैस अचानक का आटली, चांगले चाललेले घर का बसले, या प्रश्नांना ‘करणी’ हे एक उत्तर होते. आणि करणी म्हटली की ती करणारी व्यक्ती शोधणे आलेच. हा शोध बहुधा भरल्या घरातील कर्त्या पुरुषापाशी थांबत नसे. तो थांबे एकट्या विधवेपाशी, मूल नसलेल्या बाईपाशी, उसनवारीसाठी दारोदार फिरणाऱ्या म्हातारीपाशी. जिच्या मागे बोलणारे कुणी नाही, तिच्या नावाने बोलणे सोपे असते.

मराठीत या स्त्रीसाठी शब्दांची वाण नाही. चेटकीण, डाकीण, लावसट, हडळ, जखीण असे कितीतरी. यांतील काही शब्द मेलेल्या स्त्रीसाठी आहेत, काही जिवंत स्त्रीसाठी. पण बोलता बोलता या दोन याद्या एकमेकींत मिसळून जातात, आणि जिवंत बाईला भुताच्या पंक्तीत नेऊन बसविले जाते. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार भागात, ‘डाकीण’ ठरविलेल्या स्त्रियांना मारहाण झाल्याच्या, गाव सोडावे लागल्याच्या आणि जीव गमवावा लागल्याच्या बातम्या आपण आपल्याच काळात वाचल्या आहेत.

वारे अंगात आले म्हणजे

पण कोल्हापूरकडच्या लोकजीवनात याची दुसरी बाजूही आहे. जी शक्ती एका बाईला डाकीण ठरविते, तीच दुसऱ्या बाईला देवऋषीण करते. हलगी वाजू लागते, धुपाचा लोट उठतो, आणि एरवी पदर सावरून कोपऱ्यात बसणारी सून घुमू लागते. केस मोकळे सुटतात. अंगात वारे आले, असे लोक म्हणतात. जिच्या अंगात येते तिला ‘झाड’ म्हणतात. मग सासू तिच्या पाया पडते, नवरा हात जोडून उभा राहतो, थोरला दीर कौल मागतो. एरवी जिला घरात कुणी मत विचारीत नाही, ती या घटकेस हुकूम सोडते: दारू सोड, वाटणीचा तंटा मिटव, सुनेला उपाशी ठेवू नका, मला साडीचोळी करा.

यात ढोंगच असते, असे आम्ही म्हणत नाही. मनावर साचलेला भार शरीर कधी कधी अशा रीतीने बोलून दाखविते, हे मनोविकारांचे तज्ज्ञही सांगतात. आधुनिक विक्का ज्याला आत्मशक्तीचा आविष्कार म्हणतो, त्याच्याशी या प्रसंगाचे नाते उघड आहे. फरक इतकाच की, येथे कोणत्याही पुस्तकाची गरज लागली नाही.

परंतु पुढचे पाहावे लागते. वारे उतरले की ती बाई उठते, केस बांधते आणि चुलीपुढे जाऊन बसते. तिने दिलेला हुकूम देवीचा म्हणून पाळला जातो. तिचा म्हणून नव्हे. उद्या तिने तीच गोष्ट शुद्धीवर असताना म्हटली, तर तिला गप्प बस म्हणून सांगितले जाईल. देवीने बोलायला तोंड दिले खरे, पण ते घटकाभरासाठी उसने दिले. आणि या उसन्या शक्तीत एक धोकाही आहे: आज जी झाड आहे, तिचा शब्द उद्या खोटा ठरला, कुणाचे मूल दगावले, तर तीच चेटकीण ठरायला वेळ लागत नाही.

यल्लमाच्या वाटेवर

ही उसनवारी आयुष्यभराची झाली की काय होते, हे पाहायचे तर जोगतिणीकडे पाहावे. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लमाचे, म्हणजेच रेणुकेचे ठाणे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातून तेथे जाणाऱ्यांची संख्या फार मोठी. मार्गशीर्षातील पौर्णिमेला रांडाव पुनव म्हणतात. जमदग्नीच्या वधाने देवी विधवा झाली म्हणून त्या दिवशी जोगतिणी बांगड्या फोडतात. माघातील पौर्णिमा ही अहेव पुनव. तेव्हा पुन्हा हिरवा चुडा भरला जातो. डोक्यावर देवीचा जग, हातात परडी, कपाळी भंडारा आणि साथीला चौंडके, असे जोगतिणीचे रूप या भागाला परिचित आहे. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांतून जोगतिणींचे व जोगत्यांचे जग मराठी वाचकांपुढे ठेवले.

मुलीच्या केसांत जट दिसली की देवीचे बोलावणे आले असे समजत. खरे तर केसांना तेल-फणी न मिळणे, कोंडा, चिकटा, उवा ही त्यामागची साधी कारणे; पण जट कापणे हे पाप मानले जाई. मग गळ्यात मोत्यांचे दर्शन घालून मुलगी देवीला सोडली जाई. तिचे लग्न देवीशी लागले, म्हणून ती कधी विधवा होत नाही. शुभकार्यात तिला मान. घरात मुलगा नसेल, तर अशी मुलगी मुलाच्या ठिकाणी घर चालवी. कागदावर मांडले, तर त्या काळच्या इतर स्त्रियांच्या तुलनेत तिला पुष्कळ मोकळीक होती असे दिसते. आणि काही अभ्यासकांनी तसे म्हटलेही आहे.

या मोकळिकीची किंमत मात्र त्या हिशेबात धरावी लागते. तिच्या पोटी जन्मलेल्या मुलांना बापाचे नाव नसे. ज्याने तिला ठेवले, त्याच्यावर तिचा काही हक्क नसे. या सीमाभागातील कितीतरी मुली देवीच्या नावाने सुटल्या आणि मुंबईच्या कामाठीपुऱ्यात पोहोचल्या. त्यांपैकी बहुतेक दलित आणि भूमिहीन घरांतल्या होत्या, ही गोष्ट विसरता येत नाही. देवीची शक्ती ज्यांच्या वाट्याला आली, त्यांना गावाच्या सत्तेत वाटा कधी मिळाला नाही.

युरोपातील राख

आता आपण युरोपकडे वळू. कारण आधुनिक चेटकिणींचा दावा तेथील इतिहासावर उभा आहे, आणि त्या इतिहासात आपल्या ख्रिस्तसभेचाही भाग आहे. तो झाकून ठेवण्यात सत्याची सेवा नाही.

१४८४ साली पोप आठवे इनोसंट यांनी जर्मनीतील चेटकाविरुद्धच्या चौकशीला पाठबळ देणारे आज्ञापत्र काढले. डोमिनिकन धर्मचौकशी अधिकारी हाइनरिख क्रेमर याने त्याच्या आधारे इन्सब्रुक येथे खटले चालविले. तेथे हेलेना शॉयबेरिन नावाच्या एका स्त्रीने त्याला तोंडावर सुनावले. आणि ब्रिक्सेनचे बिशप गेऑर्ग गोल्सर यांनी त्याची पद्धत पाहून त्याला आपल्या प्रांतातून निघून जाण्यास सांगितले. अपमानित झालेल्या क्रेमरने मग एक ग्रंथ लिहिला. त्याचे लॅटिन नाव ‘मालेउस मालेफिकारुम’, म्हणजे चेटकिणींवरचा घण. चेटूक हे मुख्यतः स्त्रियांचेच पाप आहे, हा त्यातील सिद्धान्त. बिशपांनी ज्याला हाकलले, त्याचे पुस्तक छापखान्याच्या कृपेने दोन शतके वाचले गेले.

सर्वांत अधिक खटले साधारण १५६० ते १६५० या काळात झाले. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, दोन्ही प्रदेशांत चिता पेटल्या. बहुतेक शिक्षा राजांच्या व नगरांच्या न्यायालयांनी दिल्या, हे खरे. पण पुष्कळ ठिकाणी धर्मगुरूंनी त्यांना नैतिक आधार पुरविला, हेही तितकेच खरे. आजच्या इतिहासकारांच्या अंदाजाने चाळीस ते पन्नास हजार माणसे मारली गेली आणि त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या.

या अंधारातही काही माणसांनी डोळे उघडे ठेवले. स्पेनमधील धर्मचौकशी अधिकारी आलोन्सो दे सालाझार फ्रियास यांनी १६११ पासून बास्क प्रदेशात फिरून शेकडो कबुल्या तपासल्या आणि निष्कर्ष काढला की, पुरावा म्हणावा असा काहीच नाही. लोक चेटकाविषयी बोलू-लिहू लागले तेव्हापासूनच चेटूक दिसू लागले. त्यांच्या अहवालामुळे १६१४ नंतर स्पेनमध्ये असे खटले जवळजवळ थांबले. जर्मनीत येशूसंघी धर्मगुरू फ्रीडरिख श्पे यांनी १६३१ साली आपले नाव न घालता एक पुस्तक प्रसिद्ध केले. मृत्यूपूर्वी पापनिवेदन करणाऱ्या स्त्रियांचे बोल त्यांच्या कानी पडलेले होते. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: यातना दिल्या तर कुणीही काहीही कबूल करील, न्यायाधीशांना आणि धर्मगुरूंना तशाच यातना दिल्या, तर तेही चेटके ठरतील. १६३५ साली ट्रियर शहरात साथीच्या रोग्यांची सेवा करताना श्पे स्वतः त्या रोगाने गेले. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतून त्यांचे नाव अधिक वेळा उच्चारले जावे, अशी आमची इच्छा आहे.

नवी चेटकीण कशी जन्मली

ज्या शब्दाने एवढी राख केली, तो स्त्रियांनी आपणहून का उचलला? हा बदल एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. फ्रेंच इतिहासकार झ्यूल मिशले याने १८६२ साली चेटकीण म्हणजे गरिबांची वैद्य आणि जुलमाविरुद्धची बंडखोर, असे चित्र रंगविले. अमेरिकेत मॅटिल्डा जोस्लिन गेज यांनी १८९३ साली स्त्रियांच्या हक्कांच्या बाजूने लिहिताना नव्वद लाख चेटकिणी मारल्या गेल्याचा आकडा दिला. तो आकडा अठराव्या शतकातील एका जर्मन गृहस्थाच्या चुकीच्या गणितातून आलेला होता.

पुढील दुवा आपल्या देशाशी जुळतो. मार्गारेट मरी या विदुषीचा जन्म १८६३ साली कलकत्त्यास झाला. प्राचीन इजिप्तच्या त्या नावाजलेल्या अभ्यासक. १९२१ साली त्यांनी असे मांडले की, जाळल्या गेलेल्या चेटकिणी ख्रिस्तपूर्व काळातील एका गुप्त धर्माच्या अनुयायी होत्या. इतिहासकारांनी हे मत पुढे साफ खोडून काढले. पण तोवर त्याने आपले काम केले होते. सिलोन आणि मलायात नोकरी करून परतलेले जेराल्ड गार्डनर यांनी आपल्याला त्या जुन्या धर्माची मंडळी भेटली, असे जाहीर केले. इंग्लंडमधील १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनर यांचे पुस्तक आले. त्याला प्रस्तावना मार्गारेट मरी यांचीच. विक्काचा प्रसार तेथून सुरू झाला.

अमेरिकेत १९६८ साली न्यूयॉर्कच्या काही स्त्रीवादी तरुणींनी चेटकिणीचा वेश करून निदर्शने केली. १९७९ साली स्टारहॉक यांच्या पुस्तकाने या मार्गाला स्त्रीमुक्तीची आणि निसर्गप्रेमाची भाषा दिली. त्यानंतर बाजार आला. आज स्वावलंबनाच्या पुस्तकांच्या कपाटात, मनःशांतीच्या मेणबत्त्यांच्या शेजारी, चेटूकही विकत मिळते.

म्हणजे या मार्गाचा प्राचीन वारसा बहुतांशी विसाव्या शतकात रचलेला आहे. पण एवढे सिद्ध करून आपण विजयी मुद्रेने बसावे, असे नाही. खोट्या इतिहासाच्या आड एक खरी तहान आहे. या नव्या प्रवाहांविषयी व्हॅटिकनने २००३ साली जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यातही त्यांच्या मागील भूक समजून घ्यावी, असाच सूर आहे. ज्या स्त्रीला घरात, कचेरीत आणि देवळा-चर्चमध्येही आपले कुणी ऐकत नाही असे वाटते, ती मेणबत्तीपुढे बसून स्वतःशी बोलू लागली, तर दोष एकट्या मेणबत्तीचा नाही.

आमची हरकत वेगळीच आहे. मुंबईतील एखादी तरुणी स्वतःला चेटकीण म्हणविते, तेव्हा तिला त्यासाठी काही मोजावे लागत नाही. नंदुरबारच्या पाड्यावरील विधवेला तोच शब्द दुसरे कुणी लावते, तेव्हा ती जिवाने मोजते. झारखंडच्या छुटनी महतो यांना १९९५ साली डायन ठरवून छळले गेले. त्यांनी हा शब्द मिरविला नाही. तो शब्द ज्यांच्या कपाळी मारला जातो, अशा बायकांना सोडविण्यात त्यांनी आयुष्य घातले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तो मान मिळालेल्या आसामच्या बिरुबाला राभा यांचेही कार्य असेच होते. स्त्रीची शक्ती आम्हांला येथे दिसते.

कोल्हापूरची दुसरी वाट

कोल्हापूरच्या इतिहासातही ही दुसरी वाट आहे, आणि ती शंभर वर्षांहून जुनी आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल उचलले. त्याच वर्षी विधवाविवाहाला कायद्याचे संरक्षण दिले. १९१९ साली आंतरजातीय विवाह, काडीमोड आणि स्त्रियांना दिली जाणारी क्रूर वागणूक यांविषयीचे कायदे झाले. १९२० साली मुली देवाला सोडण्याच्या प्रथेला त्यांनी कायद्याने हात घातला. सुनेला उपाशी ठेवू नका, हे सांगण्यासाठी आता देवीने अंगात येण्याची वाट पाहावयास नको होती. शुद्धीवर असलेल्या सुनेला दरबारात दाद मागता येणार होती.

याच संस्थानात रखमाबाई केळवकर मुलींच्या शाळांची देखरेख करीत होत्या. त्यांच्या कन्या कृष्णाबाई वैद्यकशास्त्र शिकल्या, विलायतेस जाऊन आल्या आणि कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांवर उपचार करू लागल्या. बाळंतिणीचा ताप हा ‘बाहेरचा’ नसून आतला आहे, आणि त्यावर औषध आहे, हे सांगणारी बाई या शहराला मिळाली. शाळामास्तरांनी करणीची उत्तरे लिहून पाठविली, त्याच सुमाराची ही गोष्ट आहे.

कायदा झाला म्हणून प्रथा लगेच संपली नाही. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा आला, तरी सौंदत्तीची वाट चालूच राहिली. १९७० च्या दशकात गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. बाबा आढाव आणि त्यांचे सहकारी या कामात पुढे होते. पुढे निपाणी-गडहिंग्लज परिसरात हे आंदोलन वाढत गेले. या परिषदांचे व मोर्च्यांचे महत्त्व आम्हांला असे वाटते की, ज्या स्त्रिया आजवर देवीच्या नावाने बोलत होत्या, त्या प्रथमच स्वतःच्या नावाने बोलू लागल्या. त्यांनी मागितले ते साधे होते: मुलांना आईच्या नावावर शाळेत प्रवेश, राहायला घर, म्हातारपणी पोटाला आधार. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ च्या अधिनियमाने ही प्रथा बंद करण्याचे कायदे केले.

दरम्यान १९८९ साली साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली. समितीचे कार्यकर्ते आणि कार्यकर्त्या घरोघर जाऊन, बायकांची भीती घालवून, त्यांच्या जटा सोडवू लागल्या. वर्षानुवर्षे डोक्यावर वागविलेले ते ओझे उतरले की मान हलकी होते, रात्री कुशीवर झोपता येते. एवढ्या लहान गोष्टीत एका बाईची केवढी सुटका असते, हे बाहेरच्यांना कळणे अवघड आहे.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांनी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने तो कायदा म्हणून संमत केला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोण्याने गुरे आटविते किंवा रोगराई पसरविते असे जाहीर करून तिला त्रास देणे, हा या कायद्याने गुन्हा ठरविला; सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा ठेविली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, सकाळी फिरून घरी परतताना, ज्येष्ठ विचारवंत कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर कोल्हापुरातच गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. विचारांशी आमचे मतभेद असू शकतात. परंतु भीतीच्या राज्याविरुद्ध बोलणाऱ्याला किती किंमत मोजावी लागते, हे करवीरने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्या अंगणात

वाचकबंधुभगिनींनो, हे सारे शेजाऱ्यांचे म्हणून आपण ऐकून सोडून देऊ शकत नाही. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत चाललेल्या धर्मचौकशीच्या दप्तरांत घाड्याकडे जाणाऱ्या, उतारा टाकणाऱ्या ख्रिस्ती माणसांची प्रकरणे आहेत. आजही वसईत, गोव्यात, देशावर, आपल्यातील कित्येक घरी मूल किरकिर करू लागले की मीठ-मिरच्या ओवाळल्या जातात आणि वर प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हटला जातो. आजीच्या त्या हातात माया असते, म्हणून आम्ही त्याची थट्टा करीत नाही. पण दृष्ट काढल्यावर ‘कुणाची लागली?’ हा प्रश्न येतो, तेव्हा सावध व्हावे. त्या प्रश्नाच्या उत्तरात नेहमी एका शेजारणीचे नाव असते.

पवित्र शास्त्रातील शौल राजाची कथा आपण जाणतो. भुताखेतांशी बोलणाऱ्यांना त्याने देशातून हाकलून दिले; आणि संकट येताच वेश पालटून, रात्रीच्या अंधारात, एनदोरच्या बाईच्या दारी तोच गेला. ती घाबरली, कारण त्याच्याच कायद्याने तिचा जीव धोक्यात होता. शास्त्र तिच्या कृत्याची भलामण करीत नाही. तरीही शेवटी भुकेलेल्या, मोडून पडलेल्या राजाला खाऊ घालणारी तीच होती, हे नोंदवायला ते विसरत नाही. दिवसा निषेध आणि रात्री भेट, ही शौलाची रीत आपल्यातही आहे. उपदेशात जादूटोण्याचे खंडन ऐकून, त्याच आठवड्यात गुपचूप देवऋषी गाठणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. त्यांना पापी ठरविण्यापूर्वी त्यांच्या घरातील आजारी माणसाची, बेकार मुलाची, मार खाणाऱ्या सुनेची विचारपूस आपण केली होती काय?

१२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या गत पापांची क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली वापरलेल्या जबरदस्तीचा आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेच्या अवमानाचा त्यात उल्लेख होता. ही क्षमायाचना रोममध्ये एकदा होऊन पुरत नाही. ती धर्मग्रामात, महिला मंडळात, घरातल्या जेवणाच्या पाटावर कृतीत उतरावी लागते.

त्याची सुरुवात लहान गोष्टींपासून होऊ शकेल. धर्मग्रामाच्या सभेत विधवेला आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईला केवळ मदत घेणारी म्हणून न बोलावता निर्णय घेणारी म्हणून बोलवावे. आजारपणात प्रार्थनेबरोबर डॉक्टरचा पत्ताही द्यावा. २०१३ च्या कायद्याची माहिती आपल्या युवक गटांना असावी. आणि एखाद्या वस्तीत एखाद्या बाईविषयी कुजबुज सुरू झाली, तर ती वाढण्यापूर्वी चार शहाण्या माणसांनी तिच्या ओसरीवर उघडपणे जाऊन चहा घ्यावा. ज्या घरी चारचौघे येतात-जातात, त्या घरातील बाईला डाकीण म्हणणे गावाला जड जाते.

आणि ज्या मुली मेणबत्ती लावून स्वतःला चेटकीण म्हणवितात, त्यांना आम्ही एवढेच सुचवू: एकदा गडहिंग्लजला जा, सातपुड्याच्या पायथ्याशी जा, ज्यांच्यावर हा शब्द लादला गेला त्या बायकांजवळ बसा आणि त्यांना काय हवे आहे ते विचारा. त्या शिधापत्रिका मागतील, सातबाऱ्यावर नाव मागतील, मुलीला वसतिगृहात जागा मागतील. त्यांच्यासोबत तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहण्यास आमच्या वाचकभगिनींपैकी काही जणी निघाल्या, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.